बाटलीतल्या चिठ्ठ्या

पाण्यावर हिरवा तवंग दिसला की आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांना थांबवू शकेल असा माणूस मुलुंडमध्ये अजून जन्मायचा आहे. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले आणि पूर्णवेळ गोड्या पाण्यातल्या शेवाळाचे झाले. सोसायटीची टाकी धुवायला माणसं आली की त्यांच्याआधी काका गच्चीवर पोचायचे आणि टाकीची भिंत खरवडून घ्यायचे. घाटकोपरच्या एका लग्नात ते हॉलबाहेरच्या कारंज्यात चमचा घालून उभे होते. मुलीचा मामा म्हणाला, "काका, जेवण आत आहे हो." काका म्हणाले, "तुमचं चालू द्या. इथे गर्दी कमी आहे." काकू तर फ्रिजमधलं पन्हंसुद्धा वास घेतल्याशिवाय ग्लासात ओतत नाहीत.

खरं काम सह्याद्रीत होतं. लाव्हा थिजून झालेल्या एका आडबाजूच्या पठारावर, एसटी सोडल्यावर चार तास चढून, काका सात वर्षं डबक्याडबक्यातलं शेवाळ नोंदवत होते. शेवटची फेरी गेल्या वर्षी आम्ही दोघांनी केली. काकांचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. एरवी ते सगळं वहीतही उतरवत. या वेळी भिस्त फक्त चिठ्ठ्यांवर होती. जागा, खोली, तारीख ते सांगायचे, मी लिहायचो आणि चिठ्ठी नमुन्याबरोबर बाटलीतल्या, शेवाळ टिकवणाऱ्या औषधात बुडवायचो. त्यांनी मला पेन्सिल दिली होती. ती फिकी उमटते म्हणून मी खिशातलं शाईचं पेन काढलं. बातमीदाराची सवय. का पेन्सिल, हे मी विचारलं नाही.

घरी बाटल्या उघडल्या तेव्हा औषधात शाई विरघळून चिठ्ठ्या कोऱ्या झाल्या होत्या. शेवाळ होतं, पण कुठल्या डबक्यातलं ते कोणालाच सांगता येणार नव्हतं. काकांनी एक चिठ्ठी उजेडात धरली.

"पेन्सिल हरवली का रे?"

"नाही. अक्षर नीट दिसावं म्हणून पेनाने लिहिलं."

"अक्षर चांगलंच असणार तुझं," ते म्हणाले.

मी एकटा पुन्हा जातो म्हणालो. "तुला नुसतं बघायला शिकवण्यात दोन वर्षं जातील," काका म्हणाले. "आणि माझा गुडघा आता पवईच्या पुढे जात नाही."

यंदा त्यांची पठारावरच्या शेवाळांची यादी छापून आली. शेवटच्या फेरीपुढे 'वापरण्याजोगे नमुने उपलब्ध नाहीत' एवढंच आहे. कारण दिलेलं नाही. आभारांत माझं नाव पहिलं आहे. ते काढा, असं मी छपाईआधी दोनदा सांगितलं होतं.

"का?" काका म्हणाले. "चढलास ना माझ्याबरोबर?"