पुण्याच्या क्लासात शिकलेला चौक

हे ऐकणारे तुम्ही पहिलेच. ह्यांना मी सांगितलं नाही, आणि हे आता राहिले नाहीत. मुलाला सांगितलेलं नाही. इथे इंग्लंडात, लेस्टरमधल्या आमच्या बायकांत मी चावट म्हातारी म्हणून प्रसिद्ध आहे — भजनात, भिशीत, जीपीच्या वेटिंग रूममध्ये माझी जीभ कशी चालते ते कुणालाही विचारा. त्र्याहत्तर वर्षांची बाई इतकं बोलते म्हटल्यावर तिने काही गिळून ठेवलं असेल, असं कुणाच्या मनात येईल?

कुठून सुरू करू? जुलैपासून करते. ते त्यातल्या त्यात सोपं आहे.

माझी नात इरा, आठ वर्षांची, इथल्या कॅथलिक प्रायमरीत जाते. आम्ही हिंदू, पण शाळा चांगली, चालत सात मिनिटांवर, आणि वर्गात निम्मी पोरं आमच्यासारखीच. वर्षभर तिला शिकवायला मिस डॉन म्हणून ऑस्ट्रेलियाच्या एक बाई होत्या, तिथल्या मूळच्या लोकांपैकी, ॲबोरिजिनल. टर्म संपायच्या आठवड्यात शाळेने त्यांच्या लोकांचा सोहळा ठरवला. मिस डॉन म्हणाल्या, आमची ठिपक्यांची चित्रं उतरवत बसू नका. त्यापेक्षा प्रत्येकाने आपापल्या घरातलं जुनं काहीतरी आणा.

इरा घरी येऊन म्हणाली, "आजी, आपल्या घरात जुना काय आहे?"

"मी आहे."

"नाही गं, सिरियसली."

सून स्वयंपाकघरातून म्हणाली, "आई, तुम्ही ख्रिसमस कार्डांवर ते वारली काढता ना, तेच दाखवा की. पुण्याच्या क्लासात शिकलात ते."

हो, घरात सगळ्यांना हेच माहीत आहे. पुण्याचा क्लास. क्लासच्या बाईंचं आडनावसुद्धा मी ठरवून ठेवलं आहे, कुणी विचारलं तर असावं म्हणून. आजवर कुणी विचारलेलं नाही. आणि पुण्यात तर मी उभ्या आयुष्यात आठ दिवस सलग राहिलेली नाही.

मी वारली आहे. जव्हारकडच्या एका पाड्यावर जन्मले.

पण ही कबुली नव्हे — इथे थांबू नका. कोण आहे ते सांगणं म्हणजे काही गुन्ह्याची कबुली नाही. गुन्हा पुढे आहे.

वडील लवकर गेले. आईने मला नन्सच्या होस्टेलात ठेवलं, तिथून मी मुंबईला नर्सिंगला गेले. त्या वेळची मी तुम्ही बघायला हवी होती. कडक इस्त्रीची टोपी, तोंडाला इतकी पावडर की भाकरी थापायला घेतल्यासारखी, आणि बाथरूमचं दार लावून "अय्या, खरंच?" म्हणायचा सराव. दादरच्या मुलींसारखं यायला हवं ना. आलं हो, उत्तम आलं. इतकं उत्तम, की हॉस्पिटलातल्या एका तरुण डॉक्टरांनी एक दिवस विचारलं, घरी कोण कोण असतं?

कुणी नाही, मी म्हटलं. मी अनाथ आहे.

हे विरघळलेच. अनाथ मुलीशी लग्न करणं त्या काळी सुधारकाला शोभणारं होतं. सासूबाईंनी अख्ख्या चाळीत सांगितलं, "पोर अनाथ आहे, पण वळण बघा." पोर मान खाली घालून उभी. आणि अनाथ पोरीची आई त्या दिवशी गवत कापत होती, ठणठणीत.

अनाथ नाही, पण आदिवासी आहे — असं म्हटलं असतं तर काय झालं असतं? ह्यांनी नाही म्हटलं असतं? मला माहीत नाही. तेच तर. मी विचारून बघितलंच नाही.

होस्टेलच्या सिस्टरना मात्र मी लग्नाची तारीख कळवली होती, मिरवायला म्हणून. त्यांनी आनंदाने आईला सांगितली. मी बोलावलेलं नाही, हे आईला बिचारीला कुठे माहीत? आमच्यात लग्न म्हणजे चौक. घरातल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने तो लिहितात — लिहितात म्हणायचं, काढतात नाही — मध्ये पालघट, लग्नाची देवी. होस्टेलच्या सुट्टीत घरी गेले की त्यांच्या हाताखाली मीही तो शिकले होते. चौकाशिवाय लग्न लागत नाही. आईने त्या तारखेला पाड्यावरच्या बायका बोलावल्या, चौक लिहवून घेतला, आणि पोरगी जावयाला घेऊन येते आहे असं सांगून दारात बसली.

मी दादरच्या हॉलमध्ये मठ्ठा पीत होते.

सिस्टरांचं पत्र आलं हॉस्पिटलच्या पत्त्यावर. त्यांनी लिहिलं होतं, तुझी आई ती भिंत सारवू देत नाही. तू येऊन बघितल्यावर सारवणार म्हणते. एकदा ये.

पत्र फाडलं. गेले नाही. पुढल्या वर्षी आम्ही इकडे आलो.

त्यानंतर आई अकरा वर्षं जगली. तेवढ्या वर्षांत मी चार वेळा भारतात गेले. दादरहून जव्हार एसटीने अर्ध्या दिवसाचा रस्ता. मी महाबळेश्वरला गेले. स्ट्रॉबेरी खाल्ल्या. फोटो आहेत — टोपी घालून, घोड्यावर बसून, दात काढून. कसली बया होती ती, काय सांगू तुम्हाला.

मग हॉस्पिटलातून पत्ता मिळवून सिस्टरांनी पाठवलेलं, आई गेल्याचं पत्र आलं. ह्यांनी विचारलं, कुणाचं गं? मी म्हटलं, होस्टेलच्या जुन्या मेट्रन वारल्या. हे फार सरळ माणूस. लगेच पोस्ट ऑफिसात जाऊन इथल्या रिवाजाप्रमाणे सिम्पथी कार्ड आणलं, पांढरी लिलीची फुलं असलेलं. स्वतः सही केली आणि पेन माझ्या हातात दिलं. मीही केली. माझ्या आईच्या मरणाचं सांत्वन मी सिस्टरांना पाठवलं, सुवाच्य अक्षरात. सिस्टरांनी पुन्हा कधी पत्र लिहिलं नाही.

आता म्हणाल, तरुण होतीस, घाबरली होतीस. मीही मनाशी तेच म्हणत आले. म्हणूनच जुलैपासून सुरुवात केली. जुलैत मी तरुण नव्हते.

शाळेच्या हॉलमध्ये लाकडी बाकांवर आम्ही आज्या-आजोबा. मी तपकिरी कागदावर पांढऱ्या पोस्टर कलरने चौक लिहिला, लग्नाचा. सगळ्या मुलांसमोर. पन्नास वर्षांत पहिल्यांदा अख्खा. एक मुलगी म्हणाली, हे लोक कुठे राहतात? मी म्हटलं, तिकडे डोंगरात. साधे लोक असतात. तू ओळखतेस का त्यांना, तिने विचारलं. नाही गं, मी म्हटलं. क्लासात शिकले.

मग मिस डॉन बोलायला उभ्या राहिल्या. त्यांची आजी, म्हणाल्या, जन्मभर शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगायची की आम्ही इंडियन आहोत. कारण मूळ लोकांची मुलं सरकार उचलून न्यायचं, आणि इंडियनांची नेत नव्हतं. सगळ्या हॉलने आम्हा देशी मंडळींकडे कौतुकाने बघितलं. एक आजोबा तर नमस्कार करून मोकळे झाले.

त्या आजीला पोरं वाचवायची होती. मला काय वाचवायचं होतं? माझं कोण काय उचलून नेणार होतं?

चहाच्या वेळी मिस डॉन जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "हात फार सरावलेला आहे तुमचा. कुणी शिकवलं?" ती बाई मला दार उघडून देत होती, मला कळत होतं. हॉलमध्ये आम्ही दोघीच कोपऱ्यात. हातात बिस्किट. मी म्हटलं, पुण्याच्या एक बाई होत्या. आणि त्यांचं आडनावही सांगितलं, इतकी वर्षं जपून ठेवलेलं.

त्या "अच्छा" अशा अर्थाची मान हलवून दुसरीकडे गेल्या. टर्म संपली तशा आपल्या देशी परतल्या.

शाळेच्या टर्मअखेरच्या न्यूजलेटरमध्ये आलं, इराच्या आजींनी छंदवर्गात शिकलेली लोककला दाखवली. मुलाने ते फॅमिली ग्रुपवर टाकलं. खाली टाळ्या, फुलं, "काकू रॉक्स". मी अंगठा दिला.

सुट्टीत एका दुपारी इरा जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन बसली. तिला तसाच चौक हवा होता, आपल्या खोलीच्या दारावर लावायला. देवीचे हात ती चुकीचे काढत होती, मी तिचा हात धरून दाखवत होते. मधेच थांबली.

"आजी, मिस म्हणायची की दुसऱ्या लोकांची चित्र असली तर त्यांना आधी विचारायचं. आपण विचारला का कुणाला?"

तिच्या बोटांवर माझी बोटं होती. घरात तिसरं कुणी नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं — दुसऱ्या लोकांचं नाही गं, तुझंच आहे.

"हो," मी म्हटलं. "तिकडच्या एका बाईंना विचारलं होतं. काढा म्हणाल्या."

"नाइस होती ती?"

"होत्या," मी म्हटलं, आणि देवीचा दुसरा हात पुरा केला.