बॉक्सच्या तळाचं भोक

मी फौजेत सिग्नल कोअरचा हवालदार. पेन्शन घेऊन जानेफळला आलो, तेव्हा लोकांनी विचारलं, गोळ्या किती झाडल्या? मी खरं सांगितलं, नोकरीभर वायरी जोडल्या. ऐकणाऱ्यांचा हिरमोड झाला. होऊ द्या.

बीटी कपाशी आली तेव्हा गावानं फवारणीचे पंप माळ्यावर टाकले होते. गुलाबी बोंडअळी परतली आणि पंप पुन्हा खाली आले, आता बॅटरीवाले. शेख सलीम पिकअपमधून असे सहा पंप शेतोशेती भाड्यानं फिरवतो. शेतात लाइनचा भरवसा नाही, म्हणून पिकअपच्या हौद्यातच चार्जिंगची चार सॉकेट बसवून द्या, म्हणाला. दिवस पावसाचे.

सकाळी आठला काम धरलं. झाकणाची सॉकेट बॉक्ससकट आणली. बॉक्स फाळक्याला उभे बसवले. वायर खालून आत घेतली, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी बॉक्समध्ये शिरत नाही. मग प्रत्येक बॉक्सच्या तळाला बारीक भोक पाडायला ड्रिल उचललं.

"अरे अरे, फौजी! भोक काऊन पाडून राह्यले? पाणी शिरीन ना!"

"ते शिरतेच. त्याले निघायले वाट पाह्यजे."

"मले तं पक्कं बंद पाह्यजे. चारी बाजूनं सिलिकॉन मारा."

माझं डोकं सरकलं. "तू मले शिकवून राह्यला काय बे?" म्हणालो. मग ड्रिल खाली ठेवलं. त्याचा काय दोष? एके काळी मीही तेच केलं होतं. चहा मागवला आणि त्याला सांगायला बसलो.

तेव्हा मी नायकाच्या हुद्द्यावर होतो. पोस्टिंग डोंगरात, सरहद्दीजवळ. आमचा रेडिओ सेट वन-टन गाडीच्या मागच्या भागात असे. जनरेटर जमिनीवर, त्याची वायर गाडीच्या सॉकेटला, तिथून बॅटऱ्या चार्ज. पाचला जनरेटर, सहाला रेडिओ चेक. रोज धुकं, रोज पाऊस. सॉकेट कोरडं ठेवायची ड्यूटी माझी. बॉक्सच्या तळाला बनवतानाच ठेवलेलं एक भोक होतं. मला वाटलं, पाणी इथूनच शिरत असणार. पुट्टी भरून बुजवलं, वरून टेप गुंडाळली. माझा जोडीदार लान्स नायक बलदेव हसला. "पनडुब्बी बना दी, भाऊ!" 'भाऊ' हा मराठीतला एकच शब्द त्याला येत होता, त्यानंच मला हाक मारायचा.

चौथ्या दिवशी बलदेव पाठीवर छोटा सेट घेऊन गस्तीच्या तुकडीबरोबर गेला. ११:१० ला त्याचा आवाज आला.

"डेल्टा, मैं फिसल गया हूँ. जाँघ से खून रुक नहीं रहा. स्ट्रेचर भेजो. जगह बताता हूँ, लिखो. ओव्हर."

मी पेन्सिल घेतली. 'रॉजर, बोल' म्हणायला बटण दाबलं आणि सेट मेला.

सॉकेट उघडलं. आत वाटीभर पाणी. धुक्याचा ओलावा आत थंड होऊन साचला होता आणि त्याची बाहेरची वाट मीच बुजवली होती. आदल्या दिवसापासून बॅटरीत काहीच गेलं नव्हतं. चार्जिंगचा दिवा मी बघितलाही नव्हता. पक्कं बंद केलंय ना, हा माझा तोरा.

साहेबांनी विचारलं, "कितना टाइम?"

"बीस मिनट, सर."

सॉकेट काढून वायर थेट जोडली, त्यात चाळीस लागली. ११:५० ला सेट बोलला. पलीकडे बलदेव नव्हता, दुसरा जवान होता. त्यानं जागा सांगितली. स्ट्रेचर धावत गेलं. ते पोचायच्या आधीच बलदेवनं प्राण सोडला होता. मी साहेबांना पुट्टीचं स्वतः सांगितलं. शिक्षा झाली. मला ती कमी वाटली, आजही वाटते.

चहा तसाच निवला. मग सलीमनं ड्रिल उचलून माझ्या हातात दिलं. "पाडा, फौजी."

चारही बॉक्सला भोकं पाडली. वर बादलीभर पाणी ओतलं. थोड्या वेळानं एका बॉक्सच्या तळातून दोन थेंब पडले. सलीम वाकून पाहत होता. "हाव, निघालं," म्हणाला. दुपारी पंप चार्जिंगला लागले.

एक गोष्ट मी सलीमला सांगितली नाही. तो दुसरा जवान परत आल्यावर मला म्हणाला, बलदेवनं शेवटपर्यंत सेट सोडला नाही. सारखा विचारत होता, "भाऊ, सुन रहा है? भाऊ?"

मी तेव्हा गाडीत वायर सोलत होतो.