साडेचारचं ऊन

शेलूच्या आतल्या बाजूच्या गावात जितेशला भला माणूस म्हणतात, आणि तो भला आहेही. खोपोलीच्या एका कारखान्यात सुपरवायझर, दारूला शिवत नाही, आईचा शब्द खाली पडू देत नाही. त्याच्या हातून काय झालं ते फक्त घरातल्या तिघांना माहीत आहे: त्याला, बायको सुप्रियाला आणि आई इंदूबाईला.

मार्चात अंगणात गोणपाटावर वाल सुकत होते आणि इंदूबाई खाली बसून ते हाताने पसरत होती. जितेशने गाडी मागे घेतली. दुपारचे साडेचार, लख्ख ऊन, आणि खांद्याने कानाशी दाबलेला फोन. मागे बघितलं असतं तर ती दिसली असती. बघितलं नाही, एवढंच. चाकाखाली तिची कंबर आणि मांडी, दोन्हींचा चुरा झाला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा जितेशच्या आधी तीच कण्हत बोलली, "मोरीत पाय घसरला." डॉक्टरांनी एकदा जितेशकडे बघितलं आणि तसंच लिहून घेतलं. भेटायला आलेल्या सोयऱ्याधायऱ्यांनाही तिने तेच सांगितलं.

तेव्हापासून ती ओटीवरच्या खाटेवर आहे, आणि आता परत उठणार नाही. तिने मुलाला एका शब्दाने दुखवलं नाही, आणि तेच त्याला आतून खातं. मनातल्या मनात त्याने त्या दिवसाची वेळ पुढे ढकलायला सुरुवात केली. आधी सहा, मग सात. सुप्रियाला एकदा म्हणाला, "तिन्हीसांज झालेली गं, दिसलंच नाय." ती उठून सासूला पाणी द्यायला गेली. त्याला आईच्या तोंडून एकदाच ऐकायचं होतं, की अंधार होता. साऱ्या जगाशी ती त्याच्यासाठी खोटं बोलली, मग त्याच्याशीही एकदा बोलली तर काय बिघडतं? माणसाची हाव कुठवर जाते बघा.

एका सुट्टीला तो शिळफाट्यावरच्या रूपेशकडे गेला. रूपेश गाड्यांच्या वायरिंगची कामं करतो.

"रिव्हर्सला एलईडी लाव. कंपनीचे दिवे लय बारीक हायत. बंपरखाली पट्टी टाक, दोन्ही बाजूला फोकस. सगलं आंगन उजळलं पायजे."

बैल गेला आणि झोपा केला, म्हणतात ते हेच.

रूपेशने डिकीचं अस्तर उचकटलं आणि टेस्टर घेऊन आत वाकला. "दादा, चावी फिरवून रिव्हर्स टाका. वायर शोधायचीय."

त्या दिवसापासून जितेशने रिव्हर्स टाकलाच नव्हता. गाडी तो गावाबाहेरच्या मैदानात उभी करायचा, तिथे गोल वळवून निघता यायचं. आता गिअरच्या दांड्यावर हात ठेवला, पण तो पुढे सरकेना.

"टाका ना, दादा."

त्याने टाकला. तासाभरात रूपेशने वायर जोडली, रिले बसवला, काळी टेप गुंडाळली. दिवे लागले, पण भर उन्हात फिकेच दिसले.

"आता नाय कलनार," रूपेश हसला. "ह्यांचं काम अंधारात. दिवसा काय, दिवसा आपलं डोलं हायतच की."

तो बिचारा सहज बोलला होता. पण चोराच्या मनात चांदणं. याला सगळं ठाऊक आहे असंच जितेशला वाटलं. रूपेशने चहाला म्हटलं तरी तो थांबला नाही.

दिवेलागणीला त्याने कितीतरी महिन्यांनी गाडी अंगणात आणली आणि उलटी ओटीच्या दिशेने घेतली. पांढऱ्या उजेडात भिंत, खाट, आईचा वाळलेला चेहरा, सगळं एकदम उजळलं. तिने डोळ्यांवर आडवा हात धरला. गाडी तशीच चालू ठेवून तो धावत वर गेला.

"आये, बगितलंस? आता मुंगी पन दिसंल. त्या दिशी हे दिवे असते, तर... अंधारात मला कायच..."

एवढं बोलून तो खाटेशी बसला आणि वाट बघत राहिला.

इंदूबाईने हात खाली घेतला. तिच्या आवाजात राग नव्हता.

"जितू, तुला पोलिसांनी नेऊ नये म्हनून मी खोटं बोलले. डागदरशी बोलले, गावाशी बोलले, मरंपरेंत बोलंन. पन तू माज्याशी नको बोलू रं. ऊन व्हतं. माज्या पाठीला चटकं बसत व्हतं."

जितेशला रडू फुटलं. तिने त्याला गप्प केलं नाही.