लीनाचं ऊन आणि माशाचं तेल

भवानीपूरच्या गल्लीत प्रेमलताबाईंच्या सोवळ्याचा दरारा मोठा. शेजारच्या बंगाली घरात मासा तळायला पडला, की या आपल्या तिन्ही खिडक्या धाडधाड लावून घ्यायच्या. नवऱ्याच्या, श्यामरावांच्या बदलीमुळे कलकत्त्याला येऊन चार वर्षं झाली, तरी खिडक्यांचा नेम चुकला नव्हता.

दुसरा नेम लेकीला ऊन लागू न देण्याचा. लीना गोरीपान; काळवंडली तर?

पण दोन वर्षांची झाली तरी लीना भिंत धरूनच चाले, आणि पाय गुडघ्यापाशी बाहेर वाकलेले. डॉक्टरबाबूंनी स्पष्टच सांगितलं, "हाडं मऊ राहिलीत. उघड्या अंगाला ऊन द्या आणि रोज माशाच्या तेलाचा चमचा. हयगय केलीत तर पाय वाकडेच राहतील."

पण मासा! बाईंनी मनाशी तोड काढली: तेल नको, ऊन दुप्पट. रोज दहाला लीना गच्चीवर जाऊ लागली. कानटोपी, लोकरीचा झगा, पायमोजे आणि वरून दुपटं! शेजारची बाळं मोहरीचं तेल चोपडून उघडी लोळत. बाई म्हणत, "सर्दी होईल हो त्यांना!"

महिना गेला. पाय होते तसेच.

"अगं, ऊन लीनाला द्यायचंय की झग्याला?" श्यामराव म्हणाले.

बाई देवापुढे बराच वेळ बसल्या. उठल्या त्या डोळे पुसत, आणि झगा स्वतःच्या हातांनी उतरवला.

"अहो, ती बाटली आणा. पण पाजायचं तुम्ही, मोरीत. तिथंच आंघोळ घालायची. तोवर घरात पाऊल नको तिचं."

"आणि माझं?"

"तुमचंही!"

चैत्रातल्या एका सकाळी बाई सोवळ्यात, डोळे मिटून पूजेला बसल्या होत्या. मोरीत श्यामराव चमचा विसळायला वळले, तेवढ्यात लीना निसटली. हनुवटीवर तेलाचा ओघळ, भिंतीला हात नाही. डुलत डुलत आली ती थेट आईच्या गळ्यात पडली.

श्यामराव चमच्यासकट धावत आले. "अरे देवा! आता पुन्हा आंघोळ!"

बाईंनी लेकीच्या पायांवरून हात फिरवला. पुरते सरळ नव्हते, पण उभे होते.

"आंघोळीचं बघू मागाहून," त्या म्हणाल्या. "आधी तिला परत मोरीपाशी न्या. चालत येताना मी तिला पाहिलंच नाही!"