खिडकीतला कप

मीरा नावाच्या तरुण संशोधिकेने मला फसवलं. नवख्यांना मिळणाऱ्या छोट्याशा अनुदानावर तिने माझी माडीवरची खोली भाड्याने घेतली. पण सुईने नशा करणारी, एचआयव्ही झालेली माणसं तिथे तिच्या अभ्यासासाठी बोलायला येणार, हे लपवलं. कळताच मी ओरडलो, “आत्ताच्या आत्ता खोली रिकामी कर!”

“काका, दुसरं कुणी जागा देणार नाही. अभ्यास इथेच थांबेल.”

तिच्याकडे आलेल्या एकाने आपला चहाचा कप विसळून खिडकीत ठेवला. “शेठ, वेगळा ठेवलाय. तुमच्या कपांत मिसळू नका.”

माझी मान खाली गेली, पण शब्द मागे घेतला नाही. ती गेली. तो कप उचलायला अजून हात धजत नाही. खरं सांगितलं की जागा मिळत नाही, हे त्या पोरीला शिकवलं कुणी? याचा जाब कुणीतरी दिलाच पाहिजे.