आईच्या चपला

बोरिवलीच्या जंगलातली वाट चढून माथ्यावर गेलं की समुद्र दिसतो, एवढं ऐकून आई हट्टाला पेटली. म्हणून रविवारी तिला घेऊन एका ट्रेकिंग ग्रुपबरोबर गेले. पायथ्याशी आईने चपला काढून पिशवीत ठेवल्या. आमच्या मालवणाकडच्या गावात डोंगर देवाचा असतो, तो अनवाणीच चढायचा.

लीडरने तिच्या पायांकडे बघितलं. "मावशी, तुम्ही इथेच बसा. सगळ्यांच्या बॅगा सांभाळा."

आणि आई मुकाट बसलीसुद्धा! माझं डोकंच फिरलं.

"ती माझी आई आहे. बॅगा तू सांभाळ."

"अगं, पण अनवाणी नाही चालत ना. नियम आहे."

मी पिशवीतून चपला काढून आईपुढे टाकल्या. "घाल."

"देवाक सांगतंय, पोरीन घालूक लावल्यान," असं पुटपुटत ती उठली.

घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, कोणाचं ऐकून घेत नाही. पण त्या पोराच्या नियमापायी आईची रीत मीच मोडायला लावली, या रागाने वाटभर धुमसत होते.

माथ्यावर समुद्र दिसला. आईने आधी चपला काढल्या, मग हात जोडले.

"मावशी, चपला!" लीडर ओरडला.

"गप रे," मी म्हटलं. "बघू दे तिला."