पोटरीतून निघालेली गुठळी

पार्से गावातल्या आमच्या बागेत काजूचे बोंडू गोळा करताना मी घसरले आणि घोट्याचं हाड मोडलं. पडतानाही बोंडूंची बालदी सांडू दिली नाही, एवढंच श्रेय.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. पहिलीच्या वर्गात शिक्षिकेला बसायला मिळत नाही. प्लास्टर घातल्यावर मात्र मी पहिल्यांदाच मनसोक्त बसले. सासूबाई सावंतवाडीकडच्या. त्यांनी पाट, उशी, पाण्याचा तांब्या सगळं हाताशी आणून ठेवलं आणि बजावलं, ‘‘पाय भुंयेर टेकवशीत तर बघ!’’ मी टेकवला नाही. शेजारणी समाचाराला आल्या की मी खुर्चीतूनच त्यांचं स्वागत करी. त्या म्हणत, नशीबवान आहेस.

प्लास्टर निघालं तेव्हा पोटरी सुजलेली होती आणि ठणकत होती. प्लास्टरातून निघालेला पाय असाच असणार, असं आम्ही घरच्या घरी ठरवून टाकलं. डॉक्टरला विचारायचं कोणाच्या मनातही आलं नाही.

मग एका सकाळी कपडे वाळत घालताना मला धाप लागली. खोल श्वास घेतला की उजव्या कुशीत सुई टोचल्यासारखं व्हायचं. ‘‘वायू धरल्यान गो,’’ सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी ओव्याचं पाणी दिलं. मी प्यायले. ढेकर आली. त्यांचं समाधान झालं. धाप तशीच राहिली.

नवरा मांद्र्याला गेस्टहाऊस सांभाळतो. तो जेवायला घरी आला, तेव्हा ‘ताटं घेतली’ एवढे दोन शब्द बोलायला मला मध्ये थांबावं लागलं. त्याने ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गाडीची किल्ली घेतली.

पेडण्याच्या डॉक्टरांनी माझ्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. आकडा बघून चिमटा झटकला आणि पुन्हा लावला. तोच आकडा आला. मग म्हणाले, ‘‘बाई, पाय दाखवा.’’

‘‘दुखतंय छातीत,’’ मी सांगितलं.

‘‘म्हणूनच पाय बघतो.’’ त्यांनी दोन्ही पोटऱ्या दाबून पाहिल्या. ‘‘इथे रक्ताची गुठळी झालेली असावी. पाय बरेच दिवस हलला नाही की होते. तिचा तुकडा सुटून फुप्फुसात अडकला असेल. मोठ्या हॉस्पिटलात जायचं, आत्ताच. तुमच्या गाडीतून नाही, ॲम्ब्युलन्समधून.’’

‘‘जेवून गेलं तर?’’ नवऱ्याने विचारलं. डॉक्टर तोवर ॲम्ब्युलन्सला फोन लावत होते. दुसरं काहीच सुचलं नव्हतं म्हणून तसं विचारलं, असं तो नंतर म्हणाला.

हॉस्पिटलात शिरेतून औषध सोडून स्कॅन काढला. ते औषध जाताना अंगभर ऊन पाणी ओतल्यासारखं वाटलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर माझं फुप्फुस दाखवलं. रक्तवाहिन्यांच्या पांढऱ्या फांद्या होत्या आणि एका जाड फांदीत काळा तुकडा बसला होता. ‘‘ह्याच्या पुढे रक्त नीट जात नाहीये,’’ त्या म्हणाल्या. पायातून निघून तो हृदयातून पार झाला होता. मी तो अंगात घेऊन ताटं मांडत होते. तेव्हा मात्र मी घाबरले. नवऱ्याचा हात धरला. तोही थंडगार होता, त्यामुळे फारसा उपयोग झाला नाही.

ऑक्सिजन लावला, पोटावर इंजेक्शनं सुरू झाली. दुसऱ्या दिवशी सासूबाई पेज घेऊन आल्या आणि त्यांनी डॉक्टरीणबाईंना गाठलं.

‘‘गुठळी इरघाळली मगे?’’

‘‘हे औषध गुठळी विरघळवत नाही, आजी. ती वाढू देत नाही, नवी होऊ देत नाही. विरघळवायचं काम शरीर हळूहळू करतं.’’

‘‘मगे तुम्ही काय करतास?’’

‘‘शरीराला वेळ मिळवून देतो.’’

सासूबाईंना हे पटलं. बाहेर येऊन माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, ‘‘बाय खरा सांगता.’’

घरी येताना रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या मिळाल्या. वेळ चुकवायची नाही, विचारल्याशिवाय दुखण्याची गोळी घ्यायची नाही, कुठे कापलं तर रक्त लवकर थांबणार नाही, असं समजावलं होतं. त्यातलं शेवटचं सासूबाईंनी मनावर घेतलं. आमची आदाळी, म्हणजे विळी, दिसेनाशी झाली. काही महिने नवराच अंगणात बसून बांगडे साफ करायचा आणि त्याची आई दारातून चुका काढायची.

मी चालायला लागले. सुरुवातीला विहिरीपर्यंत, मग रस्त्यापर्यंत. प्रत्येक श्वासाकडे कान लागलेला असे. साधी जांभई आली तरी कुशीत दुखतंय का ते बघायची. ती भीती धाप गेल्यावरही बराच काळ टिकली.

अखेर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘‘आता गोळ्या बंद.’’

‘‘आणखी थोडे दिवस घेतल्या तर?’’ मी विचारलं.

‘‘कारण पायाचं होतं, ते संपलं. आता गोळीचाच त्रास व्हायचा.’’

दिवाळीच्या सुट्टीत भाचीच्या लग्नाला पुण्याला जायचं होतं. एवढा वेळ बसून नको म्हणून बस थांबेल तिथे मी उतरून फेऱ्या घालत होते. सासूबाईही दरवेळी उतरून माझ्यामागून चालत होत्या. ‘‘तुम्हाला कशाला?’’ मी म्हटलं.

‘‘माकाय दोन पाय आसत,’’ त्या म्हणाल्या. कंडक्टर शिटी वाजवत होता. आम्ही आणखी एक फेरी घातली आणि मग चढलो.